टाचोबाची जागा

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय टाचोबा,

कसा आहेस, हे विचारायचा माझा हक्क बावीस वर्षांपूर्वीच गेला, तरी विचारते. गुडघे कसे आहेत? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लिफ्ट बंद असल्यामुळे सगळे जिने चढावे लागतात, असं काडीची ताई सांगत होती. मला हसू आलं, रागावू नकोस. मी बरी आहे. शाळेत गाणं शिकवते. मुलं माझ्यापेक्षा सुरात गातात.

काडी गेला त्याला आज बारा दिवस झाले. पेपरात वाचलंच असशील. ‘पंक आणि न्यू वेव्ह संगीताचा थोर ड्रमर’ असं छापलंय, आणि वर हसरा फोटो. काडी फोटोत हसल्याचं तुला आठवतं? एकाने लिहिलंय की त्याच्या हातात वीज होती. कसली वीज! त्याचं खरं कसब न वाजवण्यात होतं. बाकीचे जिथे धडाधड बडवत सुटतात, तिथे हा काड्या हवेत धरून थांबायचा. त्या रिकाम्या जागेत मी घाबरून किंचाळायचे, आणि लोकांना वाटायचं, काय गाते ही बाई! कर्कशा हे नाव त्यानेच ठेवलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

मध्येच उठून चहा ठेवून आले. तो उतू गेला. हे पत्र सकाळपासून तिसऱ्यांदा लिहितेय. आधीच्या दोन्हींत नुसत्या गुडघ्यांच्याच गप्पा होत्या.

तर ताईचा फोन आला होता. रविवारी संध्याकाळी पाचला, आपण पहिल्यांदा वाजवलं त्या सभागृहात, सगळे जमणार आहेत. तू नाही म्हणालास. “त्याला मी नको होतो, आता तो गेल्यावर कशाला तोंड दाखवू?” असं म्हणालास म्हणे. ताई मला म्हणाली, “तू सांगून बघ गं, तुझं ऐकेल तो.” माझं! मी फोन ठेवला आणि उगाच कपाट आवरत बसले.

टायरच्या दुकानावरची आपली खोली आठवते ना? तेलकट फरशी, रबराचा वास. काडीने पाय मारला की मोठा ड्रम पुढे घसरायचा, आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत थेट दारात. मग तू त्याला टाच लावून उभा राहायला लागलास. सात वर्षं, प्रत्येक कार्यक्रमात, एक टाच ड्रमला. लोकांना ती तुझी ऐट वाटायची. काडी म्हणायचा, टाचोबा पुढे उभा आहे म्हणून मी जोरात मारतो.

आता सांगते. मध्ये थांबले तर हेही पत्र फाडेन.

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी कंपनीचा माणूस मला एकटीला भेटला. म्हणाला, आता यंत्रावर ड्रम वाजतात, हा माणूस नको, नाहीतर रेकॉर्ड विसरा. मी हो म्हणाले. तुला विचारलं नाही. मला ती रेकॉर्ड हवी होती, दुसरं कारण नाही. मग जिन्यात काडीला गाठून सांगितलं, “टाचोबा म्हणतो तुझं वाजवणं जुनं झालं, त्याला यंत्र हवंय.” खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. आणि वर येऊन तुला सांगितलं की तो स्वतःहून सोडून गेला, तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणतो. मला वाटलं, आठ दिवसांत भांडायला समोरासमोर याल आणि माझं पितळ उघडं पडेल. पण दोघेही सारखेच हट्टी. एकानेही विचारलं नाही. महिनाभरात तूही गिटार ठेवून गेलास.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये काडीकडे गेले होते, हेच सांगायला. तासभर झांजांवर बोलले. निघताना त्याने विचारलं, “टाचोबा कुठे असतो गं?” तुझा पत्ता माझ्या पर्समध्ये होता. मी म्हणाले, “काय की.” तो म्हणाला, “असू दे.” आणि भिंतीकडे वळला.

टाचोबा, तो आठ दिवस अजून जगला. आठ दिवसांत मी एक फोन करू शकले असते. लाज वाटली म्हणून केला नाही. बस.

काल ताईकडे त्याचं सामान आवरायला गेले. ड्रमच्या पेटीत तळाशी त्यांच्या आईची जुनी लोखंडी इस्त्री निघाली. मला कळेना. ताई म्हणाली, “अगं, ड्रम घसरू नये म्हणून पुढे ठेवायचा. सगळ्या बँडांत हीच. दुसरं काही लावू द्यायचा नाही.” मी ती उलटी केली. बुडाला पांढऱ्या रंगात लिहिलंय, टाचोबा. रंग दोनतीनदा गिरवलेला दिसतो.

तूच त्याला काढलंस असं समजून, बावीस वर्षं.

रविवारी त्याचा ड्रमसेट मांडणार आहेत. मी ताईला सगळं सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाहीये, ते ठीकच आहे. एवढंच म्हणाली, इस्त्री ठेवायची नाही, ती जागा मोकळी राहील. तू ये. मी दिसू नये असं वाटत असेल तर ताईला कळव, मी बाहेर रस्त्यावर उभी राहीन. पण तू आत जा आणि टाच लाव.

माफी मागत नाही. ज्याच्याकडे मागायची होती त्याला “काय की” म्हणून आले.

त्याने ठेवलेल्या नावाचीच,
कर्कशा