पिवळ्या पिशव्यांचा टेम्पो आपल्या ताब्यात घेण्याबाबत

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२४

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
दवाखाना-कचरा नियंत्रण कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : सौ. म्हाळसाबाई मल्हारराव गावडे, धंदा मेंढपाळ, राहणार मेंढकेवस्ती, पैठण रस्ता, चितेगावच्या पुढे.

विषय : आमच्या वस्तीवर अडवून ठेवलेला दवाखान्याच्या कचऱ्याचा टेम्पो आपण स्वतः येऊन ताब्यात घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदारांचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांवर आपला शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही.
२) आपली नोटीस, जी अर्ज न करताच मिळाली.

महोदय,

अर्जदार म्हाळसाबाई यांना लिहिता-वाचता येत नाही. त्या सांगत गेल्या आणि खाली नाव असलेल्या लेखनिकाने लिहून घेतले. लेखनिकाची सारी नोकरी तहसील कचेरीत गेल्याने भाषा सरकारी झाली आहे, त्याबद्दल क्षमा असावी. म्हाळसाबाईंची भाषा जशीच्या तशी उतरवली असती, तर आपल्या कार्यालयाने हा अर्ज हातात धरला नसता.

म्हाळसाबाई व त्यांचे यजमान मल्हारराव यांची मेंढरे व चार शेळ्या वस्तीमागच्या नाल्याकाठी चरतात. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्या नाल्यात शहराने आपली आठवण ठेवायला सुरुवात केली. आधी सलाईनच्या बाटल्या आल्या. मग नळ्या, रक्ताने कडक झालेले बोळे, सुया, आणि तोंड बांधलेल्या पिवळ्या पिशव्या, ज्यांत काय आहे हे वस्तीतल्या कुत्र्यांनी सगळ्यांच्या आधी पाहिले. पिशव्यांवर शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याचे नाव छापलेले होते. त्या दवाखान्याच्या दारात हात धुवायला चार प्रकारचे साबण आहेत, असे मल्हाररावांनी स्वतः पाहिले आहे. हात इतके स्वच्छ ठेवायचे म्हणजे घाण कुठे तरी न्यावी लागणारच, हे म्हाळसाबाईंना समजते. नाला आमचाच का, एवढेच समजले नाही.

त्यांची सून द्वारकाबाई ही त्या वेळी नुकतीच बाळंत होऊन माहेराहून आली होती. शेळ्यांना घास कापताना गवतातली सुई तिच्या तळहातात घुसली. तिने सुई उपसून फेकली, हातावर पाणी ओतले आणि घास पुरा कापला. घरी येऊन सांगितले तेही सहज बोलता बोलता. म्हाळसाबाईंनी मात्र लगेच सुनेला व नातीला घेऊन शहरातला सरकारी घाटी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी गोळ्या सुरू केल्या, रक्त घेतले, आणि समजावून सांगितले की सुई कोणाच्या अंगातून आली ते माहीत नाही, तेव्हा रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागेल. शेवटचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत लेकराला अंगावर पाजू नये.

महोदय, हे वाक्य आपल्यासाठी एका ओळीचे आहे. द्वारकाबाईसाठी ते पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत चालले. लेकरू भुकेने रडायचे आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन कानावर पदर दाबून बसायची, कारण रडणे ऐकले की दूध आपोआप फुटायचे. ते ती मोरीत पिळून टाकायची. लेकराला म्हाळसाबाई शेळीचे दूध उकळून, पाणी घालून पाजत. शेळ्या चरत होत्या त्याच नाल्याकाठी. यात कोणाला काही चुकीचे वाटत असल्यास, म्हाळसाबाईंनाही वाटले होते. म्हणून त्या आपल्याकडे आल्या.

पहिल्या खेपेस आपल्या कार्यालयातील टेबलावरच्या साहेबांनी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि सांगितले की तोंडी तक्रारीला अर्थ नसतो, लेखी द्या. लेखी दिले. दुसऱ्या खेपेस त्यांनी सांगितले की लेखी तक्रारीला पुराव्याशिवाय अर्थ नसतो. कचरा त्याच दवाखान्याचा कशावरून? मेंढरांच्या मागे आयुष्य काढलेल्या बाईला पुरावा म्हणजे काय ते एकच कळते : जी वस्तू आहे ती दाखवायची. म्हाळसाबाईंनी चिमट्याने एक पिवळी पिशवी उचलली, खताच्या रिकाम्या गोणीत घातली, गोणीचे तोंड सुतळीने शिवले आणि पैठणहून येणाऱ्या एसटीत बसल्या. वाहकाने गोणीत काय आहे म्हणून विचारले. त्या खोटे बोलत नाहीत. दवाखान्याचे आहे, म्हणाल्या. वाहकाला वाटले औषध असेल. बाईंना अर्धे तिकीट आणि गोणीला लगेज लागले. सरकारी गाडीतून, सरकारी सवलतीत, पुरावा आपल्या टेबलापर्यंत पोहोचला.

तो टेबलावर ठेवल्यावर जे झाले त्याने म्हाळसाबाईंना फार बरे वाटले, हे नमूद करणे भाग आहे. इतक्या महिन्यांत आपले कार्यालय प्रथमच धावताना दिसले. टेबलावरचे साहेब उठून भिंतीला लागले. एक बाई नाकाला रुमाल लावून जिन्यात गेल्या. आपण स्वतः केबिनबाहेर आलात आणि विचारलेत, "बाई, हे इथं कशाला आणलं?"

म्हाळसाबाई म्हणाल्या, "साहेब, पुरावा आना म्हनला व्हता. ह्यो आनला. आमच्या नाल्यात लई हाय, लागंल तेवढा आनते."

त्यानंतर पिशवी जिन्याखाली ठेवण्यात आली. तिथून ती सकाळच्या घंटागाडीत गेली, म्हणजे ओल्या कचऱ्यात गेली की सुक्या, याची माहिती आपल्या शिपायालाही नाही. पुढे अर्जदारांना दोन गोष्टी कळवण्यात आल्या. एक, सदर दवाखान्याविरुद्धचा पुरावा कार्यालयात उपलब्ध नसल्याने कारवाई करता येत नाही. दोन, म्हाळसाबाईंनी जैव-वैद्यकीय कचरा विनापरवाना बाळगला, हाताळला व प्रवासी वाहनातून वाहून नेला, हे पूर्णपणे सिद्ध झाले असल्याने त्यांना नोटीस देण्यात येत आहे. एकच पिशवी दवाखान्याच्या बाबतीत नाहीशी झाली आणि म्हाळसाबाईंच्या बाबतीत जागेवर राहिली. लेखनिकाने कचेरीत बरेच चमत्कार पाहिले, पण हा नवा होता.

नोटिशीसोबत एक छापील कागद भरून मागितला होता. त्यात आस्थापनेचे नाव, डॉक्टरांची संख्या आणि खाटांची संख्या विचारली होती. म्हाळसाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले की खाट एकच आहे, तिच्यावर मल्हारराव निजतात, आणि तिचा एक पाय विटांवर आहे. तसे भरून दिले. आपल्या कार्यालयाने त्यावर "माहिती अपूर्ण" असा शेरा मारला. बहुधा विटांची संख्या राहिली असावी.

मधल्या काळात आपले पथक नाल्याची पाहणी करून गेले, हे न सांगणे कृतघ्नपणा होईल. पथक येणार हे वस्तीला कळले नव्हते. दवाखान्याला कळले असावे, कारण आदल्या दिवशी एक जेसीबी आला आणि नाल्यावर मुरूम पसरून गेला. पथकाने कडेला उभे राहून, गाडीतून न उतरता, "स्थळ स्वच्छ आढळले" असे लिहिले. मल्हाररावांनी काचेपाशी जाऊन सांगितले की मुरमाखाली काठी घालून बघा. त्यांना सांगण्यात आले की खोदकाम हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे. पुढच्याच आठवड्यात पिशव्या टाकणारा टेम्पो पुन्हा येऊ लागला. स्वच्छ ठरलेल्या जागेत टाकायला आता कोणाची हरकत राहिली नव्हती.

संक्रांतीनंतर द्वारकाबाईचा शेवटचा रिपोर्ट आला. तो चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आता पाज म्हणाल्या. ती घरी आली, हातपाय धुतले, देवाला साखर ठेवली, आणि लेकराला मांडीवर घेतले. लेकराने तोंड फिरवले. तिने पुन्हा लावले, त्याने पुन्हा फिरवले आणि वाटी-चमच्याकडे हात करून रडू लागले. दूधही तोवर आटत आले होते. द्वारकाबाई रडली नाही. तिने पोर सासूकडे दिले, म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच पाजा. तिला म्या वळखू यीना." आणि शेळी पिळायला गेली.

या नुकसानीसाठी आपल्याकडे कोणता छापील कागद आहे, हे लेखनिकाला शोधूनही सापडले नाही.

काल सकाळी टेम्पोचा आवाज आला तेव्हा म्हाळसाबाईंनी मेंढरे वाड्यातून सोडली आणि सगळा कळप नाल्याकडे जाणाऱ्या वाटेवर आडवा उभा केला. मागून वस्तीतल्या सखूबाई, मनकर्णाबाई आणि इतर बाया येऊन वाटेवर बसल्या. कोणी दगड उचलला नाही, काच फोडली नाही. मेंढरे टेम्पोच्या चाकांना अंग घासत उभी राहिली, आणि टेम्पोला पुढे जाता येईना की मागे.

चालक फकिरा हा बिडकीनकडचा गरीब माणूस आहे. तो खाली उतरून हात जोडून म्हणाला की मला इथपर्यंतच डिझेल देतात. कचरा जाळायच्या कारखान्यात नेला तर तिथं वजनावर पैसे पडतात, म्हणून मालक इथं टाक म्हणतो. त्याने मालकाला फोन लावला. मालकाने प्रथम शिवी दिली, नंतर फोन बंद केला. फकिराच्या हातात मोजे नव्हते. बोटांवर जुन्या टोचण्यांचे काळे ठिपके होते. म्हाळसाबाईंनी ते पाहिले, त्याला चहा दिला आणि घाटीत कोणत्या खिडकीवर रक्त देतात ते सांगितले. तो म्हणाला, "मावशी, भ्या वाटतंय." त्या म्हणाल्या, "आमच्या सुनंलाबी वाटलं व्हतं. उद्या जा, म्या येते संगं." तो रात्री वस्तीवरच राहिला. आज सकाळी म्हाळसाबाई त्याला घेऊन घाटीत जाऊन आल्या आणि परत आल्यावर हा अर्ज सांगायला बसल्या.

सबब, महोदय, परिस्थिती अशी आहे. पिवळ्या पिशव्यांनी भरलेला एक टेम्पो आज मेंढकेवस्तीच्या ताब्यात आहे. पिशव्यांवर दवाखान्याचे नाव स्पष्ट वाचता येते. चालक हजर आहे व खरे सांगायला तयार आहे. मुरूम उकरून ठेवला आहे. पुरावा यापेक्षा मोठा हवा असल्यास वस्तीची ऐपत नाही. हा माल बाळगण्याचा परवाना आमच्याकडे नाही आणि आपल्या दारी आणून देण्याचाही नाही. मागच्या खेपेस आपणच ते लेखी समजावून दिले. तेव्हा कायद्याने मोकळा राहिलेला एकच मार्ग दिसतो, तो म्हणजे आपण इकडे येणे. आपण पंचनामा करून टेम्पो ताब्यात घ्यावा, दवाखान्यावर गुन्हा नोंदवावा, नाला तज्ज्ञ माणसांकडून, मोजे देऊन, साफ करून घ्यावा, आणि म्हाळसाबाईंवरील नोटीस मागे घ्यावी. शेवटची मागणी जमत नसेल तर राहू द्यावी, असे त्या म्हणतात. बाकीच्या राहू देऊ नयेत.

आपण येईपर्यंत बाया आळीपाळीने वाटेवर बसणार आहेत. मेंढरे चरायला दुसरीकडे न्यावी लागतील, पण बाया हलणार नाहीत. चहा मिळेल. शेळीच्या दुधाचा आहे, आणि शेळ्या महिन्याभरापासून नाला सोडून वरच्या माळावर चरतात, तेव्हा निर्धास्तपणे घ्यावा.

येताना पायांत जाड तळव्याचे बूट घालून यावे. या खेपेस गाडीतून उतरावे लागेल.

आपली, उत्तराची नव्हे तर आपलीच वाट पाहणारी,
सौ. म्हाळसाबाई मल्हारराव गावडे
(निशाणी अंगठा)

अर्ज लिहून देणार व अंगठ्यास साक्ष :
बन्सी कारभारी गाडेकर, सेवानिवृत्त अव्वल कारकून