सोनेरी सिंहाचं कार्ड

प्रिय फिलिपा,

तुझं पत्र परवा दूतावासाच्या थैलीतून मिळालं. हेही थैलीतूनच येईल, साध्या टपालानं नाही. ते इथे सरकारी माणसं उघडून वाचतात. म्हणून मोकळेपणानं लिहिते.

आधी बातमी. तुझ्या बाबांची व्हिएन्नाला नेमणूक झाली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी काही मागितलं नाही, हे न मागता मिळालं. मोठा दूतावास, मोठं घर. दुसरी एखादी नाचली असती. मी चर्चमध्ये जाऊन बसले, पण आभाराची प्रार्थना काही ओठांवर येईना.

रायनाबाई आठवतात ना? चर्चमध्ये माझी विझलेली मेणबत्ती स्वतःच्या मेणबत्तीवर पेटवून देणाऱ्या त्या मास्तरीणबाई. डिसेंबरात संत निकोलसच्या दिवशी आपण दोघी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव निकोला, म्हणून तो दिवस त्या अजून पाळतात. नावाच्या दिवशी सोफियात बोलावणं लागत नाही, दार उघडंच असतं. अक्रोड भरलेला मासा तू दोनदा घेतलास, तेव्हा त्या म्हणाल्या, "खा गं पोरी, राजदूताच्या घरी उपाशीच ठेवतात वाटतं!" बाबांच्या वर्षभराच्या मेजवान्यांत मी तेवढी हसले नसेन.

दुसऱ्या दिवशी मी आभाराचं कार्ड लिहिलं. कुणाकडे जेवून आलं की दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहायच्या, हे माझ्या आईनं मला लावलेलं वळण. आपल्या राणीच्या वाढदिवसाच्या समारंभातली कोरी कार्डं उरली होती, वर आपल्या राजचिन्हाचा सोनेरी सिंह असलेली. वाया कशाला घालवायची, म्हणून त्यातलंच एक घेतलं आणि कोपऱ्यावरच्या साध्या टपालपेटीत टाकलं. बाबांना विचारलंसुद्धा नाही. आभार मानायला नवऱ्याची परवानगी कसली?

जानेवारीपासून रायनाबाई चर्चमध्ये दिसेनात. आपला ड्रायव्हर ग्रोझदान, त्याची मावशी त्यांच्याच इमारतीत राहते. गाडीतलं बोलणं कुणी ऐकेल म्हणून त्यानं वाट पाहिली. अंगणात बर्फ उपसताना मान खाली घालून म्हणाला, "बाईसाहेब, तुमचा सिंह टपालात साऱ्यांनी पाहिला. मास्तरीणबाईंची शाळा गेली. सीमेकडच्या कुठल्याशा गावी धाडलंय. जाताना मावशीला एवढंच म्हणाल्या, कार्ड फार सुरेख होतं."

मी बाबांना स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला, कारण इथे भिंतींनाही कान आहेत, आणि म्हटलं, काहीतरी करा, तुम्ही राजदूत आहात. ते म्हणाले, "म्हणूनच काही करता येत नाही. दारू पिऊन मारामारी केलेला खलाशी मी तुरुंगातून सोडवून आणला, कारण त्याच्या खिशात आपला पासपोर्ट होता. या बाईचं नाव मी नुसतं उच्चारलं, तरी ती आपलीच हेर होती असं ठरेल. मग तिला ते गावही उरणार नाही." नळ वाहत राहिला. इतकी वर्षं त्यांच्या कोटाला मी ब्रश मारते आहे, पण ते खांदे असे खचलेले कधी पाहिले नव्हते. वसंतात आम्ही जाऊ. त्या तिथेच राहतील.

आता तुझ्या पत्राचं. रायनाबाईंसाठी शाल विणून झाली, सोमवारी पोस्टात टाकते, असं तू लिहिलंस. फिलिपा, पाठवू नकोस. एक ओळही लिहू नकोस. तू सहा वर्षांची असताना पेन्सिलीसकट तुझा हात धरून मीच आभाराची पत्रं गिरवून घेतली. त्याशिवाय खेळण्याला हात लावू दिला नाही. आज तोच हात मी अडवते आहे. शाल तूच वापर. अंगावर घेशील तेव्हा देवापुढे त्यांचं नाव घे, मनातल्या मनात. तेवढं एकच टपाल कुणाला फोडता येत नाही.

तुझीच,
आई