मिठाच्या वखारीतली बाय

७ नोव्हेंबर, शुक्र.
वखारवाडीची तिसरी खेप आणि भुताची सातवी आवृत्ती. ही पंचायतीच्या शिपायाकडून. यात बाई विहिरीत नाही, तुळईला. गेल्या खेपेला विहीर होती, त्याआधी बाळासकट विहीर, त्याआधी खाडी. एका बाईने मरायचं तरी किती वेळा?

वखारीकडे मात्र कुणी बघायला तयार नाही. खाडीला खेटून जांभ्याच्या भिंती, तीन कमानी, मीठ मचव्यात चढवायचा धक्का अजून जागेवर. मी टेप लावून कमानी मोजत होते तर शिपाई म्हणतो, "बाई, तां मोजून काय करतलात? लोक आतली बाय बघूक येतत."
चौतीस वर्षं कुडाळच्या हायस्कुलात इतिहास शिकवला, त्याचं हे फळ.

इंदूआक्काकडे पाणी प्यायले. वखारीच्या शेजारचंच घर. भूत झाली म्हणतात त्या बाईची ही मुलगी, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सगळ्या वाडीला ठाऊक. तिला विचारलं की एकच उत्तर, "माका काय एक ठावक नाय." आणि वर गुळाचा खडा.

१० नोव्हेंबर, सोम.
केतकीचा फोन. माझी पुण्याची संपादक. वय अठ्ठावीस, उत्साह अफाट. 'कोकणातल्या झपाटलेल्या जागा' हे नावही तिचंच. मी 'खाडीकाठच्या जुन्या वास्तू' म्हटलं होतं. ते कुठच्या कुठे गेलं.
"ताई, सहावं प्रकरण छान आहे, पण मीठ कमी करा आणि भूत वाढवा."
हे शेजारी बसून ऐकत होते. डेपोतून निवृत्त झाल्यापासून माझ्या लेखनावर यांचंच लक्ष. "मगे टाक ना गो दोन किंकाळ्यो. तुझा काय जाता?"
टाकल्या. मरण म्हणून विहीर घेतली, बहुमताने. पाठवून दिलं. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुध.
पंचायतीचं मृत्यूचं रजिस्टर बघायला गेले. पाठवल्यावर खात्री करायची, ही माझी अक्कल. ग्रामसेवक रजेवर. मग कपाटाची चावी दुसऱ्याकडे. तो काजूच्या बागेत. साडेतीनला रजिस्टर हातात आलं, वाळवीने कडा खाल्लेलं.
इंदूआक्काच्या बापाची नोंद आहे. वखारीत कारकून होता. आजीची आहे. आईची नाही. पुढची-मागची वर्षं चाळली. नाही म्हणजे नाही. जन्माच्या रजिस्टरात इंदूच्या नावापुढे आईचं नाव मिळालं: आनंदी. सात जणांनी मला तिची सात मरणं सांगितली, नाव एकानेही नाही.
नोंदी राहून जातात, मान्य. पण विहिरीत बाई मिळाली तर पोलीस पाटील, पंचनामा, काहीतरी...

१४ नोव्हेंबर, शुक्र.
दाजीला गाठलं. तिठ्यावर याचं चहाचं दुकान. भूत प्रत्यक्ष पाहिलेल्यांपैकी हा एकटाच उरलाय. तेव्हा चौदा वर्षांचा होता. आनंदी जाऊन चौदाएक वर्षं झाली होती.
"भर दुपार. खारबंधाऱ्यावरसून चलत इली. विहिरीकडे उभी रवली. काळी छत्री. हातात पिशी."
पाय उलटे होते का, विचारलं (केतकीची प्रश्नावली).
"चिखलान माखलेले. चपलो हातात धरलेल्यो. उलटे-सुलटे कोण बघता? आमी धावलो."
"पण ती आनंदीच कशावरून?"
"इंदूच्या आजयेन बोंब मारल्यान, आनंदी इली, भूत इला, धावा! सगळी वाडी दारा लावन बसली."
मग? मग काही नाही. उन्हं कलल्यावर दारं उघडली तर विहिरीवर कुणी नव्हतं.

परत येताना यांच्या स्कूटरवर मागे बसून विचार करत होते. छत्री. पिशवी. चपला चिखलात खराब होऊ नयेत म्हणून हातात. भुताला चपलांची एवढी काळजी?
माझाच राग आला. हेच प्रकरण मी किंकाळ्या घालून पाठवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळ.
आज इंदूआक्कावर चिडले. लिहायला लाज वाटते, पण चिडले. अंगणात भात वाळत घातलं होतं, पायाने परतत होती. मी विचारलं, तेच उत्तर. "माका काय एक ठावक नाय."
मी म्हटलं, "आक्का, भुताक छत्री कित्याक लागता, ता तरी सांग!"
ती थांबली. भातातच खाली बसली. कोंबड्या भातात शिरल्या, त्याही हाकलल्या नाहीत.
मग म्हणाली, "ऊन लागता तिका. पयल्यापासून."

वही उघडली नाही. फोनवर रेकॉर्ड केलं नाही. आठवतं तसं लिहून ठेवते.

बाप मारायचा. इंदू सहा वर्षांची असताना आनंदी एका पहाटे मुंबईच्या बोटीत बसून निघून गेली. पोर आजीच्या कुशीत झोपली होती, उठवली असती तर आजी उठली असती. घराण्याची सून पळाली असं कसं सांगायचं? आजीने सांगितलं, विहिरीत उडी टाकली, प्रेत खालून खाडीने ओढून नेलं. बापाने मान हलवली. वाडीने विश्वास ठेवला. पुढे रात्री-अपरात्री कुणाला काही दिसायला लागलं, ते आपोआप.
इंदूला 'भुताची चेडू', भुताची पोर, म्हणत. तीन ठिकाणी लग्न ठरून मोडलं. शेवटी झालंच नाही.
आजी मेल्यावर तांदळाच्या कणगीमागे एक डबा मिळाला. त्यात पोस्टकार्डं, इंदूच्या नावाची. इंदूला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं तर गावभर. तेव्हा नुकताच देवळात मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला होता.
"गेलंय. लोक हसले. सा म्हयने गेलंय. मगे घराक येवन दार लावन वाचलंय."
आत गेली, एक कार्ड आणून दाखवलं. शाई पिवळी पडलेली. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं असणार, अक्षर कारकुनी आहे. 'मी येऊन गेले. तू घाबरलीस. आता येऊन तुला घाबरवणार नाही.'
शेवटचं कार्ड ते.
"तू तिका बघितलंस? त्या दुपारी?"
"मी विहिरीरच होतंय गो. पाणी काढी होतंय. माका म्हणाली, इंदू. आणि मी धावलंय. आवशीक बघून मी धावलंय."

मी कोंबड्या हाकलल्या.

१९ नोव्हेंबर, बुध.
केतकीला सकाळीच फोन. सहावं प्रकरण मागे घ्या.
"ताई, पानं लागलीत. मुखपृष्ठावर तीच बाई आहे, विहिरीतून वर येणारी. केस मोकळे."
"ती बाई विहिरीत पडलीच नाही."
"म्हणजे?"
सांगितलं. मग हळूच, "पण ताई, जिवंत बाई झपाटलेल्या जागांच्या पुस्तकात कशी बसवायची?"
वाईट मुलगी नाही. तिचं काम ती करते. तरी फोन आपटावासा वाटला. मोबाइल आपटतासुद्धा येत नाही.
मुदत: पुढचा बुधवार. नवं प्रकरण तेवढ्याच पानांत बसलं पाहिजे. नाहीतर जुनं छापलं जाईल.

२१ नोव्हेंबर, शुक्र.
लिहून झालं. एकही किंकाळी नाही. मीठ भरपूर. आनंदीचं नाव पहिल्याच ओळीत.
यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. काहीतरी विनोद करतील म्हणून मी तयारीत होते.
"ह्याच छाप," म्हणाले आणि माडांना पाणी घालायला गेले. आज सकाळीच घातलं होतं.

२४ नोव्हेंबर, सोम.
वखारवाडी. इंदूआक्काला सगळं वाचून दाखवलं. विचारल्याशिवाय छापायचं नाही हे मनाशी ठरवलं होतं. मनात होतं, ती रडेल, हात धरेल. म्हणजे मला तसं हवं होतं.
शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छापू नको."
का?
"ती भूत आसा तवसर माझा धावना बरोबर. सगळेच धावले. ती जिती होती असा तू लिवलंस, मगे लोक माका इचारतले, तू कित्याक धावलंस?"
मी म्हटलं, कोण विचारणार? कोण उरलंय?
"मी आसय ना."

बसमध्ये चिडचिड. तिच्यावर नाही. म्हणजे तिच्यावरही. सत्तर वर्षं आई विहिरीत बुडलेली चालते, धावलेली मुलगी चालत नाही. आणि मी कोण तिला सांगणारी? मीही दहा तारखेला आनंदीला विहिरीत ढकललं होतंच की. बहुमताने.
दोन वाटा: जुनं छापू द्यायचं किंवा प्रकरणच गाळायचं. गाळलं तर वाडीतली सात मरणं आहेत तशीच चालू. केतकीला अजून काही कळवलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुध.
मुदत आज. सकाळपासून केतकीचे तीन मेसेज. 'ताई, कोणतं?'
उत्तर लिहिते आणि पुसते. लिहिते आणि...

अकराच्या सुमारास फाटकाशी हाक. इंदूआक्का. एकटी! मालवण गाडीने आली, स्टँडवर विचारत विचारत. पायांवर लाल धूळ, काखेत नारळाची पिशवी. हे बघतच राहिले. तिने पाणीसुद्धा मागितलं नाही.
"वाच," म्हणाली.
"आक्का, तू नको म्हणालंस."
"म्हटलंय. वाच परत."

वाचायला घेतलं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला. मीठ, मचवे, कमानी, सगळं ऐकलं. विहिरीपाशी आले. 'इंदू अशी हाक आली' इथपर्यंत आले तर तिने हात वर केला.
"हंयसर थांब."
थांबले. ती खाली फरशीकडे बघत होती. ओठ हलत होते, मला ऐकू येईल असं काही नाही. हे दारात उभे होते ते मागे सरले.
तेवढ्यात फोन. केतकी. वाजून वाजून थांबला. परत वाजायला लागला. मी हात पुढे केला.
"उचलू नको," इंदूआक्का म्हणाली. डोळे पुसले नाहीत, पदरही वर नेला नाही. "फुडे वाच."