चाकामागचा दगड

आबा, काल मी विजेवर चालणारी मोटार चालवून पाहिली. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून साक्षीदार सोबत नेला होता, माझा धाकटा भाऊ, तुमचे चिरंजीव. शिरोळच्या शाळेचं मुख्याध्यापकपद मला दुसऱ्यांदा देऊ केलंय. पहिल्या वेळी मी एसटीच्या वेळा जुळत नाहीत असं लिहून नकार कळवला. पत्राची भाषा निर्दोष होती, कारण मात्र खोटं होतं. मला भीती वाटली होती. आता सोमवारी उत्तर द्यायचंय, आणि रोज स्वतः गाडी चालवत जायचं हे ठरवूनच मी शोरूमची पायरी चढले. "आक्का, ड्रायव्हर ठेव की," असं चिरंजीव वाटेत तीनदा म्हणाले. तिथला विक्रेता फार गोड बोलणारा. बॅटरी चिरंजीवांना समजावून सांगत होता आणि रंग मला दाखवत होता. "सर, चार्जिंगचं असं आहे बघा... मॅडम, पांढरा फार खुलतो यात." मी म्हटलं, "पांढरा राहू दे. चढावर थांबवून परत सोडली तर मागं येते का?" विक्रेत्यानं चिरंजीवांकडे पाहिलं. मग चिरंजीव म्हणाले, "शिरोळपर्यंत तळहातासारखा रस्ता हाय. चढ कशाला पायजे तुला?"

ते त्याला काय सांगणार? तुम्हाला सांगते. पन्हाळ्याची वाट आहे, तुमचा टेम्पो विटांनी भरलाय, आणि मी बारा वर्षांची, मांडीवर दगड घेऊन दाराशी बसलेय. गाडी दमते, तुम्ही ओरडता, "लाव!" मी उडी मारते, मागच्या चाकाला दगड लावते, गाडी पुढं सरकली की तो उचलून धावत येते. पुढं कॉलेजात गेले तरी सुट्टीत तो दगड माझ्याच मांडीवर असे. त्या कामात तुम्ही कधी खोट काढली नाहीत, हे मान्य. पण चिरंजीवांना मिसरूड फुटायच्या आत स्टिअरिंग मिळालं, आणि मी मागितलं तेव्हा म्हणालात, "तुला कशाला गं? तू संस्कृत शिक. त्यात चढ न्हाय." आबा, संस्कृत शिकून मला आता तीस वर्षं होतील. त्यात चढच आहे, आणि मागं दगड लावायला कुणी नसतं.

तर विक्रेता शेजारी, चिरंजीव मागच्या सीटवर, आणि राजारामपुरीच्या गल्ल्यांतून मी टाकाळ्याच्या चढाला लागले. या गाडीला आवाजच नाही; तुम्ही काळजीनं बॉनेट उघडून बघितलं असतंत. चढाच्या ऐन मध्यावर मी मुद्दाम थांबवली. मागच्या रिक्षावाल्यानं लगेच हॉर्न वाजवला. "ओ पावणं, मुक्काम हाय काय हितं?" माझा पाय ब्रेकवर, आणि तळहाताला त्या दगडाचा खरखरीतपणा जसाच्या तसा. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "आक्का, उतरून दगड लावू काय?" आरशात पाहिलं, तो थट्टा करत नव्हता. त्याचा हात दाराच्या कडीवर होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, जन्मभर गाड्या चालवलेला, आणि चेहरा अगदी माझा, बारा वर्षांच्या वयातला. "बस तिथंच," मी म्हटलं, आणि पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. एक श्वास, दुसरा श्वास. मग मी ती वर नेली.

गाडी बुक केली. रंग पांढराच घेतला, त्यावरून कुणाशी भांडण नव्हतं. होकाराचं पत्रही लिहून ठेवलंय, ते सोमवारी जाईल. हे मात्र कुठं पाठवणार? तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. गाडी आली की तिच्या कप्प्यात ठेवीन, कागदपत्रांखाली.

एक राहिलं. परत आल्यावर विक्रेता म्हणाला, "मॅडम, हात चांगला बसलाय. कुणी शिकवलं?" दोन महिने मी कुणाला न सांगता ड्रायव्हिंग क्लासला गेले होते, शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांचं नाव सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "वडिलांनी." चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलले, आबा, आणि अजून दुरुस्त केलेलं नाही.