विमानाच्या चाकाची पूजा

घोडपदेव, मुंबई
खंडेनवमीनंतरचा रविवार, १९५७

राजमान्य राजेश्री जयवंतराव भाऊजींस गुणाजीचा नमस्कार. आपला हेरंब सुखरूप आहे, हे आधी रखमेला मोठ्याने वाचून दाखवावे, मगच पुढे वाचावे. तिच्या गुडघ्याचे कसे आहे? (माझी छाती धडधडते, पण ती जुनीच धडधड.)

हेरंब जुहूला ज्या शेठचे छोटे विमान सांभाळतो, त्याची खंडेनवमीला पूजा होती. तीस वर्षे गिरणीत मागांची पूजा मी केली, तेव्हा हा मान भाच्याने मामाला दिला. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला (दगडावर, विमानावर नव्हे), चाकाला झेंडूची माळ घातली. विमान चालवणारे होमीसाहेब पारशी, पण भाविक. म्हणाले, काका, बसा, एक फेरी मारू. मी नको नको म्हणत बसलो. हेरंबही बसला. वरून लालबागच्या चिमण्या उदबत्त्यांसारख्या दिसतात, भाऊजी.

परतताना कळले की हे विमान उडताना चाके पोटात घेते, आणि आता डावे चाक बाहेर यायला तयार नाही. हेरंब घामाघूम होऊन चाक हाताने उतरवायचा दांडा फिरवू लागला. मी रवळनाथाला गाऱ्हाणे घातले, पण अर्ध्यावर शब्दच विसरलो. साहेबांनी विमान असे हिसडले, की माझी टोपी त्यांच्या मांडीवर गेली. इतक्यात धाडकन चाक उतरले. आनंदाने माझ्या तोंडून मोर्चाच्या सवयीने निघाले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे."

साहेब म्हणाले, "होईल काका, पण पहिले खाली उतरू या."

उतरलो. म्हाताऱ्याच्या गाऱ्हाण्याने चाक आले म्हणून सगळे माझ्या पाया पडले. शेठने मात्र हेरंबला सांगितले, चाक का अडकले ते लिहून दे, नाहीतर नोकरी सोड. पोराला दोन दिवस अन्न गोड लागेना. असो, देव पाठीशी आहे.

आपला,
गुणाजी

ता. क. उडण्याआधी हेरंबने माळ काढून ठेवली होती. पूजेचे यंत्र बोडके कसे ठेवावे, म्हणून त्याची पाठ वळताच मी ती चाकाच्या वर, आतल्या बाजूला, गिरणीच्या दोऱ्याने सात गाठी मारून पुन्हा बांधली. (माग कधी पाय पोटात घेतो का?) काल शेठपुढे उभा राहून सगळे सांगितले. हसून हसून त्यांना ठसका लागला. हेरंबची नोकरी राहिली. मला मात्र जुहूला यायची बंदी.

आणखी एक. आपण नवी होडी घेतल्याचे रखमेने कळवले होते. पूजेला अजून कोणी ठरले नसेल, तर मी मोकळाच आहे. दोराही बराच शिल्लक आहे.