त्रेचाळीस ट्रॅक्टरांची खांदशेकणी

१८ ऑगस्ट, सोमवार

वीरूचा त्रेचाळिसावा ट्रॅक्टर आज आला. पार्सलवाल्यानं खोका उंबऱ्यावर टाकला, तर वीरूनं त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला लावलं. "नाजूक सामान आहे, दिसत नाही का बे तुले?" तो बिचारा हात जोडून म्हणतो, "भैया, ऊपर कुछ लिखा ही नहीं है!" मी मध्ये पडले तेव्हा सुटला. शर्टाची दोन बटणं दारात पडली होती. उचलून डबीत टाकली.

खोक्यात एवढासा निळा ट्रॅक्टर. खऱ्याहून सोळा पट लहान. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, मागे ट्रॉली अडकवायची पिनसुद्धा आहे! पाहून मलाही कौतुक वाटतं, खोटं कशाला लिहू. वीरू दिवसभर सौसर रोडवरच्या दुकानात खऱ्या ट्रॅक्टरचे पार्ट विकतो आणि घरी आला की या खेळण्यांपुढे बसतो. खेळणं म्हटलं की चिडतो. "मॉडेल म्हण, आई. मॉडेल." बैठकीत काचेचं कपाट, चार फळ्या, आत लाइट. येत्या रविवारी नागपूरला असा शौक असणाऱ्यांचं प्रदर्शन आहे. तिथे त्याला एक टेबल मिळालं आहे, पहिल्यांदाच. महिन्यापासून त्याच एका गोष्टीवर बोलून राहिला.

कपाटाची किल्ली सुनेकडे, सुचिताकडे. दर शुक्रवारी ती मऊ ब्रशनं धूळ झटकते. चैत्रात एक हिरवा चुकून खालच्या फळीवर ठेवला गेला तर त्यानं तिचं मनगट पिरगाळलं होतं. आठ दिवस पोळ्या मीच लाटल्या.

खोका जाड आहे. तुरीच्या डाळीला होईल.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदशेकणी. उद्या पोळा.

गोठा रिकामा आहे. शेवटची जोडी होळीनंतर विकली. मोहगावच्या संत्र्याच्या बागेत आता सगळं काम ट्रॅक्टरच करतो. हे म्हणाले, "बैल उभे ठेवून काय पाहत बसू त्यायच्या तोंडाकडं?" बरोबर आहे त्यांचं. पण दिवेलागणीला मी सवयीनं तूप-हळद कालवली, वाटी गरम केली, पळसाची पानं काढली आणि मग आठवलं, शेकायला खांदाच नाही घरात! लग्न होऊन आले तेव्हापासून एक साल चुकलं नाही. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं, त्याची मान एक दिवस शेकायची. ते चुकलं तर देव विचारणारच.

वाटी हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. मग वाटलं, बैलाचं काम आता करतो कोण? मोठा ट्रॅक्टर तर बागेत. पण त्रेचाळीस घरात आहेत!

सुचिता शिंप्याकडे गेली होती, वीरू सणाच्या गिऱ्हाइकांमुळे रात्री उशिरा येणार होता. तिनं खिळ्यावर ठेवलेली किल्ली घेतली. एकेकाच्या बोनेटवर, जिथे मान असावी तिथे, पळसाच्या पानानं तूप-हळद लावली. चोळली. मोठा लाल आहे ना, वीरूनं ज्याच्यावर आमच्या पहिल्या ट्रॅक्टरचा नंबर बारीक ब्रशनं काढला आहे, एमपी अठ्ठावीसवाला, त्याला दोनदा चोळली. लहानपणी वीरू त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून बागेत जायचा. सगळ्यांना हात जोडले. म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

फार शांत वाटलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार — पोळा

काय करून बसले मी!

सकाळी वीरू अंघोळीला गेला तेव्हा पुसायला घेतलं. हळद निघेना. पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या. ओलं फडकं फिरवलं तर स्टिकर फडक्याला चिकटून आले. मग भांड्याचा साबण लावला, तर रंगाची चमकच गेली. मोठ्या लालवरचा नंबर बोटाखाली पुसून गेला. वीरूनं एक अख्खा रविवार श्वास रोखून काढला होता तो.

कपाट लावून घेतलं, आतला लाइट बंद केला. किल्ली खिळ्यावर.

पुरण घातलं. सुचिता म्हणते, "आई, तुम्ही बसा, मी करते न." आज तिची धूळ झटकायची पाळी होती, पण सणाच्या धावपळीत राहूनच गेली. वीरू दुकानाच्या पूजेला गेला तो थेट रात्री झोपायलाच आला.

उद्या सांगीन. सणाच्या दिवशी नको.

२३ ऑगस्ट, शनिवार — गोटमार

सांगितलं नाही.

सकाळी नागपूरसाठी पॅकिंग करायचं म्हणून वीरूनं कपाट उघडलं. खालच्या फळीपर्यंत एकेक ट्रॅक्टर पाहिला. मग म्हणाला, "किल्ली कोणापाशी असते?" एवढंच. हळू.

"माह्यापाशी," सुचिता म्हणाली. चहाचा कप होता तिच्या हातात.

पहिली थप्पड कपासकट. मग केस धरून कपाटाकडे. "हे काय आहे? सांग न, काय आहे हे? कोणत्या जनमाचं वैर काढलं?" ती ओरडत होती, "मी नाही केलं, देवाची आन, मी नाही केलं!" त्यानं डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. काच फुटली नाही. मग उघड्या हातानं कानावर मारत सुटला. हे दारातून म्हणाले, "आता बस झालं रे वीरू," आणि तिथेच उभे राहिले.

मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला. पुन्हा लावला. दूध ठेवलं होतं म्हणून.

खोटं! दूध नव्हतं ठेवलं. काहीच नव्हतं ठेवलं.

सुचिताचं कपाळ भुवईपासून केसांपर्यंत फाटलं होतं. नदीवर तोवर दरसालची गोटमार, दोन गावांची दगडफेक, जोरात सुरू झाली होती. जाम नदीत झेंडा रोवलेला, इकडून आमचं पांढुर्णा, तिकडून सावरगाव, गोट्यांचा पाऊस. तिला घेऊन वीरू आणि मी जखमींच्या मांडवात गेलो, तिथे रांगच लागली होती. फुटलेली डोकी, फुटलेले गुडघे, आणि एकजण दात हातात धरून हसून राहिला. पट्टी करणाऱ्यानं विचारलं, "हिले कुठं लागला?"

वीरू रांगेकडे पाहत राहिला. सुचितानं पदर कपाळावर दाबून धरला.

मी म्हटलं, "गच्चीवर उभी होती. गोटा आला."

मीच म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं मला. सात टाके पडले.

तिला घरी सोडून वीरू नदीवर गेला. संध्याकाळी आला तेव्हा त्याचा खांदा सुजला होता आणि खिशात दोन गोटे उरले होते. चांगला जेवला.

२४ ऑगस्ट, रविवार

नागपूरला गेला नाही. दिवसभर कपाटापुढे बसून होता.

२५ ऑगस्ट, सोमवार

शेजारच्या शांताबाई आल्या. सुचिताचं तोंड पाहून म्हणतात, "कायले गेली होती वं गच्चीवर?"

"तमाशा पाहाले, काकू."

"आनं गोट्यानं बरोबर तुलेच पाह्यलं! माह्या मालकाकडं तर चाळीस साल झाले, एक गोटा ढुंकून नाही पाहत."

दोघी हसल्या. सुचिताला हसताना टाके ओढले, तिनं कपाळावर हात धरला. मी आत गेले.

दुपारी लोधीखेड्याहून तिच्या भावाचा, सागरचा फोन. ती उजव्या कानाला लावून बोलत होती. डाव्यानं ऐकू येत नाही म्हणते, आत नुसती शिट्टी वाजते. सागर म्हणाला, मी येऊ का ताई. ती म्हणाली, "गोट्यासाठी कोणी एवढ्या दूर येते का रे?"

देवापुढे बसले. माळ हातात, पण जप पुढे सरकेना. हिशेबाच्या वहीची मागची पानं घरात कोणी उघडत नाही म्हणून लिहून तरी राहिले. तोंडातून निघत नाही.

घाबरते कशाला मी? मला तो मारणार नाही. मग? पोटचा पोरगा माझ्याकडे कसा पाहील, एवढंच! एवढ्यासाठी!

२६ ऑगस्ट, मंगळवार — हरतालिका

सुचितानं निर्जळ उपास धरला. नवऱ्यासाठी! मी म्हटलं, यंदा नको करू, अंगात रक्त नाही तुझ्या. ती म्हणते, "राहू द्या आई. नाही केला तर आणखी एक कारण होईन त्यायले."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कोणी केलं मले नाही मालूम. मी नाही केलं, तेवढं मालूम आहे."

दुपारी आम्ही दोघी पाटावर वाळूची पिंड करत होतो. बैठकीतून थिनरचा वास आला. वीरू मोठा लाल साफ करत होता. थिनरनं हळद तर निघाली, पण लाल रंगही निघाला आणि मागचं टायर पघळलं. त्यानं हाक मारली. ती ओल्या वाळूच्या हातानं गेली.

"ज्या हातानं केलं तो हात आण."

"मी नाही..."

"आण म्हटलं न."

कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये हात ठेवायला लावला आणि ड्रॉवर लाथेनं बंद केला. आवाज मी ऐकला. लाकडाचा नव्हता. ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त खाली बसली. पुन्हा उघडला, पुन्हा लाथ.

मी धावले. या वेळी धावले. त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी मारलं, त्याचा शर्ट फाडला. त्यानं मला एका हातानं बाजूला केलं. हळूच. भांडं सरकवावं तसं. मागे आले तर पिंडीवर माझाच पाय पडला होता.

तिची दोन बोटं काळीनिळी. मी हळद गरम करायला वाटी घेतली आणि वाटीकडे पाहतच राहिले. ठेवून दिली. शांताबाईंना घेऊन हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. तिथे सुचितानंच सांगितलं, दार लागलं.

तिनं उपास सोडला नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार — गणेश चतुर्थी

गणपती बसले. बैठकीत, कपाटाच्या बाजूलाच, दुसरीकडे जागा नाही म्हणून. कपाटात ते त्रेचाळीस डागाळलेले. आरतीत वीरूनं टाळ वाजवला. गळा चांगला आहे त्याचा. पहिल्यापासून.

यांना सांगून टाकलं सगळं. हे बराच वेळ सुपारी कातरत बसले. म्हणाले, "झालं ते झालं. गणपती उठू दे, मंग पाहू. सणासुदीत घरात आणखी तमाशा नोको."

दहा दिवस! दहा दिवसांत तिची आणखी किती बोटं?

उद्या. गणपतीच्या पायावर हात ठेवून बोलले आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार — ऋषिपंचमी

सांगितलं. सकाळी नऊला. शब्दन् शब्द लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालं नव्हतं.

तो कपाटापुढे पाट टाकून बसला होता, पिवळ्या पट्टीवर ब्रशनं पांढरा रंग देत होता. मी म्हटलं, "वीरू, ते मी केलं. खांदशेकणी केली मी त्यायची. तूप-हळद लावली. साबणानं पुसलं तेही मीच. सुचितानं हातसुद्धा नाही लावला."

त्यानं ब्रश थांबवला नाही.

"मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"तूच केलं ते. कपाट उघडलं तेव्हाच मालूम झालं. पळसाच्या पानाचा तुकडा होता खालच्या फळीवर. या घरात पळसाच्या पानानं तूप कोण लावते, मले नाही मालूम का?"

मी म्हटलं, "मंग तिले कायले मारलं रे?"

तेव्हा पाहिलं त्यानं माझ्याकडे. खरंच समजलं नाही असं तोंड करून. "मंग काय तुले मारू? आईवर हात उचलू? लोकं थुंकतीन माह्या तोंडावर."

आणि पुन्हा ब्रश बुडवला. "राग तर निघाला पाह्यजे न कुठंतरी. पण सांगितलं ते बरं केलं. मी काही मनात ठेवलं नाही तुह्याबद्दल."

म्हणजे ती थप्पड माझी. ते सात टाके माझे. दोन्ही बोटं माझी. प्रत्येक मारावर माझं नाव होतं, आणि तो मला जपत होता! मी स्वयंपाकघरात रिकामा गॅस पेटवून उभी होते तेव्हा माझ्याच वाटणीचं तिला मिळत होतं, आणि कोणाचं मिळतंय हे तिलाच माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. मागे वळले तर दारात उभी. हातात दुर्वांची जुडी. किती वेळची उभी होती देव जाणे. तिनं दुर्वा गणपतीपुढे ठेवल्या, आत गेली, पिशवीत दोन साड्या आणि डॉक्टरचे कागद घातले. बाहेर येऊन मला म्हणाली, वीरूकडे न पाहता, "आई, मी उद्या पोलीस ठाण्यात जाऊन राहिली. आज शांताबाईकडे झोपते. तुम्ही यान संग?"

वीरू हसला. "आई? आई येईन तुह्यासंग?"

मी गणपतीपुढच्या निरांजनात तूप घातलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सुचितासोबत गेले. ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीनं विचारलं, "मारा किसने?" मी दोन नावं लिहायला सांगितली. पहिलं माझं.