जनीबाईचा अंगठा

नाशिक, बुधवार, १४ जुलै १९९९

आज कैद्यांना मदत करणाऱ्या आमच्या संस्थेतर्फे तुरुंगात सुरगाण्याकडच्या जनीबाईला सोडवायला गेले होते. लाकूडचोरीच्या आरोपात कच्ची कैदी. काल कोर्टात तिची फाइल उघडली, तर आत जामिनाचा हुकूम. जामीनदार नको, फक्त जातमुचलक्यावर तिचा अंगठा हवा होता. हुकूम चौदा महिन्यांपूर्वीचा. चौदा महिने, एका अंगठ्यासाठी.

"तुला कोणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कोनी नाय, बाई. साहेब काय बोलला, ता माला समजला नाय."

कारकून म्हणतो, वकिलांनी बघायचं असतं. तिला सरकारने दिलेले वकील म्हणतात, तुरुंगाला कळवलं होतं. मग चुकलं कोण? एक अंगठा, दुसरं काही नाही. दुपारी तो घेतला, संध्याकाळी ती सुटली. फाटकापाशी माफी मागणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमाला वळखते मी. दिवाळीला आल्या व्हत्या ना, बोलाया?"

हो. कैद्यांच्या हक्कांवर मी तासभर बोलले होते. ती पहिल्याच रांगेत होती म्हणे. हुकूम तेव्हाही निघालेला होता, आणि मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.